आमच्याच चराचं भाडं

तामझिर्त,
१४ नोव्हेंबर २०२१

झायदभावजी,

सलाम. घरचे बरे आहेत, तुमच्या भावाचा पाय होता तसाच आहे, आणि मी भयंकर रागात आहे. तुमच्यावर नाही, तुमच्या कंपनीवर. फोन केला असता, तीनदा केलाच. तिन्ही वेळा तुम्ही "वहिनी, मीटिंगमध्ये आहे" म्हणालात. रबातमधली माणसं मीटिंगमधून बाहेर कधी पडतात? म्हणून हे पत्र लहूच्या गाडीतून बेनी मेल्लालपर्यंत आणि तिथून टपालाने.

काय झालं ते ऐका. मंगळवारी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आला. वय पंचविशीचं, पायात कोरे बूट, दोन्ही चिखलात रुतलेले. हद्दूकाकांच्या अंगणात चहा झाला. आम्ही तुमच्या कंपनीला इंटरनेटचे महिन्याला अडीचशे दिरहम देतो, हा दोनशेत देतो म्हणाला. बायका खूश झाल्या. आमच्या विणकरणींच्या संस्थेचे कागद मी सांभाळते, म्हणून अर्ज माझ्या हातात आला. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: चर व नळी वापर आकार, पस्तीस दिरहम, दरमहा.

मी विचारलं, "हे काय?"

"चराचं भाडं, बाई. आमची तार जुन्या चरातल्या नळीतूनच येणार ना. सरकारचा नियम आहे, एकाची नळी असेल तर दुसऱ्याला त्यातून तार टाकू द्यायची, पण मालकाला भाडं देऊन. ते भाडं आम्ही गिऱ्हाइकावर लावतो."

"मालक कोण?"

"तुमची पहिली कंपनी."

हद्दूकाकांचा चहाचा ग्लास तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. म्हातारी इझ्झा हसायला लागली. म्हणाली, "अरे पोरा, त्या चरात माझी दोन नखं गेलीत. त्यांचं भाडं मी कुणाकडे मागू?"

त्या पोराला कळेना बायका एवढ्या का चिडल्या. त्याला कोण सांगणार? तुम्हाला तर सांगायला नको. शाळा बंद पडल्या त्या वर्षी आमची मुलं अभ्यासासाठी एक फोन घेऊन, रेंज मिळावी म्हणून खिंडीत वाऱ्यात बसत होती. तुमच्या कंपनीनं लिहून कळवलं होतं की एकशेवीस घरांसाठी सात किलोमीटर खोदाई परवडत नाही. तेव्हा निरोप तुम्हीच आणलात की गावानं चर खणून नळी टाकली तर तार कंपनी ओढेल. खणला. नळी त्या वर्षीच्या अक्रोडांवर घेतली. तुमच्या दादाचा, बासूचा पाय त्यात गेला.

कारकुनाची काहीतरी चूक झाली असणार. तुम्ही आत आहात. दोन मजले चढा, कुणाच्या तरी टेबलावर हात आपटा आणि ते नाव बदलून घ्या. एवढं एक काम.

तुमची वहिनी,
तूदा

•

रबात,
२८ नोव्हेंबर २०२१

आदरणीय तूदावहिनी,

सलाम. पत्र मिळालं. तुमचा राग मला समजतो, पण गोष्ट वाटते तेवढी साधी नाही.

नळी जमिनीत टाकली म्हणजे काम संपत नाही. दगड घसरतात, पाणी शिरतं, उंदीर कुरतडतात. देखभाल कंपनी करते. मग त्याच नळीतून दुसरा धंदा करणार असेल तर त्यानं काही द्यावं, हे जगभर असंच चालतं. प्रत्येकानं आपला वेगळा चर खणायचा म्हटलं तर डोंगराची चाळण होईल. खणायचं एकानं, वापरायचं सगळ्यांनी, आणि भाडं ज्याच्या नावावर आहे त्याला.

नाव बदलण्याचं म्हणाल तर ताबापत्र झालेलं आहे. एकदा ते झालं की दोन मजले चढून काही होत नाही, दहा मजले चढलो तरी नाही. पस्तीस दिरहम म्हणजे फार नाही, वहिनी. तरीही दुसरी कंपनी स्वस्तच पडते. सही करून टाका. उगाच गावभर चर्चा नको.

दादासाठी दुखण्याचं मलम आणि तुमच्या इत्तोसाठी बूट पाठवतो आहे. यापुढे कंपनीचे विषय फोनवर काढू नका, फोन ऑफिसचा आहे.

झायद

•

तामझिर्त,
१९ डिसेंबर २०२१

झायदभावजी,

बूट इत्तोला बसले. मलम बासूने लावलं, म्हणतो वास चांगला आहे. आता कामाचं.

कुठलं ताबापत्र?

तुमचं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. मलमाचा भाग सोडला. ताबापत्र हा शब्द आला आणि हद्दूकाका म्हणाले, "थांब. पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. गावच्या संस्थेचे अध्यक्ष ते. ताबा द्यायचा तर त्यांनी द्यायचा. त्यांना विचारलं, तुम्ही दिलात? ते म्हणाले, "मी माझ्या गाढवाचा ताबा कुणाला दिलेला नाही, चराचा कुठून देऊ?"

देखभाल कंपनी करते म्हणता. ऑगस्टमध्ये ओढ्याच्या काठाला नळी उघडी पडली तेव्हा तुमच्या कंपनीला सहा वेळा फोन केले. शेवटी लहू आणि त्याच्या मेहुण्याने दगड रचून ती झाकली. तुमची माणसं आली, झाकलेल्या दगडांचा फोटो काढला आणि गेली.

आणि "खणायचं एकानं" हे वाक्य तुम्ही मला लिहिता? एकानं नाही. एकशे अडुसष्ट नावांनी खणला. गावात चूल असलेली एकशेवीस आणि शहरात राहून इथं घर असलेली अठ्ठेचाळीस. प्रत्येकाच्या वाट्याला बेचाळीस मीटर. शहरातल्यांनी माणूस लावला, नाहीतर सुट्टी काढून आले. विधवा रहमाच्या वाट्याला सगळा कातळ आला तर तिच्या शेजारच्या तीन घरांनी न सांगता खणून टाकला. शाळेच्या एका वहीत हे सगळं लिहिलेलं आहे, कुणी कधी सुरू केलं, कुठं पहार मोडली.

मी गप्प बसले नाही. तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून भला माणूस, त्याने फाइल दिली नाही, पण तिच्यात काय आहे ते तोंडी सांगितलं. भावजी, बसला असाल तर उठू नका. आमचा चर खणल्याबद्दल तुमच्या कंपनीला सरकारी निधीतून पैसे मिळालेत. सात किलोमीटर खोदाई, मजुरीसकट. दूरच्या गावांत तार न्यावी म्हणून सगळ्या फोन कंपन्या आपल्या कमाईतला वाटा त्या निधीत टाकतात, आणि ती कमाई कुठून येते? आमच्या रिचार्जमधून. म्हणजे एकदा आम्ही हाताने खणला. एकदा रिचार्जमधून खोदाईचे पैसे दिले. आता दरमहा भाडं द्यायचं. एकाच गाढवावर तीनदा ओझं, आणि गाढव आम्ही.

मला कळतं तुम्ही असं का लिहिलंत. तुमचा साहेब खांद्यावरून वाचत असेल. नोकरीची भीती आहे. घाबरू नका, तुमचं नाव आम्ही कुठंही घेणार नाही. फक्त त्या ताबापत्राची नक्कल काढून पाठवा. कुणा चोराने सही केली आहे ते बघायचं आहे.

तूदा

•

रबात,
६ जानेवारी २०२२

वहिनी,

माझ्या खांद्यावरून कुणी वाचत नाही. हे मी माझ्या मनाने लिहितो आहे.

मी पत्र तुम्हाला लिहितो, बैठकीला नाही. ते चारचौघांत वाचून दाखवायचं कारण काय?

आणि एकदा सांगतोच. तामझिर्तला तार आली ती कुणामुळे? नकाशावर त्या गावाचं नाव बरोबर लिहिलेलंसुद्धा नव्हतं. मी यादीत घातलं. तीन वेळा खोडलं गेलं, तीन वेळा पुन्हा घातलं. माझ्या वाट्याचं मी पहारीने नाही, असं फेडलं आहे. तार पोचली त्या दिवशी तुम्ही मेंढी कापलीत, माझ्या खांद्यावर झगा टाकलात, म्हाताऱ्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. आता त्याच तोंडाने चोर शोधता?

तुमच्या चराबद्दल आमचे लोक काय म्हणत होते ते मी आजवर सांगितलं नाही. कमरेएवढा खोल सांगितला तर गुडघ्याएवढा. दोन ठिकाणी पाटाच्या पाण्यासारखा वाकडा. आमच्या माणसांना पुन्हा खणावा लागला. ते शेतीचं काम नव्हतं.

निधी कसा चालतो ते मला तालुक्याच्या कारकुनाकडून शिकायचं नाही. मोठ्या कामात कागद कागदाच्या पद्धतीने होतात. ते उकरून काढलेत तर कंपनी उद्या म्हणेल, नको हे गाव. मग खिंडीत जाऊन बसा वाऱ्यात.

नकलेसाठी अर्ज करू नका. हात जोडून सांगतो. मे महिन्यात माझं लग्न ठरतं आहे, घराचे हप्ते सुरू आहेत. या वर्षी नको.

झायद

•

तामझिर्त,
२० फेब्रुवारी २०२२

झायद,

आता "भावजी" म्हणवत नाही आणि "तुम्ही" तर अजिबात म्हणवत नाही.

नक्कल आली. अर्ज मी तुझं पत्र यायच्या आधीच केला होता. बेनी मेल्लालच्या वकीलबाईंनी तो लावून धरला, नऊ पानं मिळाली. शेवटच्या पानावर सही आहे. मी ती उन्हात धरून पाहिली. म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल, झायद नावाची माणसं काय कमी आहेत? पण तू 'द' चं शेपूट शाळेपासून असंच लांब ओढतोस.

सही मी गिळली असती. खरंच. साहेबाने दाबलं असेल, लेकराने केली असेल सही, असं म्हणून मी रात्रभर स्वतःला समजावलं असतं. पण सातवं पान? ठेकेदाराच्या मजुरांची यादी. बावीस नावं, बावीस अंगठे, समोर मजुरी मिळाल्याची नोंद. हद्दूकाकांचा अंगठा. म्हाताऱ्या इझ्झाचा अंगठा. गावात ज्यांना लिहिता येत नाही ते सगळे. आणि चौथ्या नंबरवर बासू, चोवीसशे दिरहम मिळाले.

आठवतं का तुला? गेल्या वर्षीचा जानेवारी होता. बासूचा पाय फळीला बांधलेला. तू शाईची डबी घेऊन आलास आणि म्हणालास, "दादा, विम्याचा कागद आहे. तुझ्यासारखं आणखी कुणाला काही झालं तर पैसे मिळतील." मी उशी सरकवून त्याला बसवलं. त्याचा हात मी धरला होता, कारण त्याला धड टेकता येत नव्हतं. तुझ्या शाईत त्याचा अंगठा मी बुडवला. मी!

आणि वर लिहितोस, गुडघ्याएवढा खणला म्हणून. पुन्हा कुणी खणला? एक माणूस दाखव. एक.

बासूला अजून सांगितलेलं नाही. तो रोज विचारतो, "झायदचं काय उत्तर?" मी म्हणते, कामात आहे.

बाकी गावाची बातमी ऐक. बारा दिवसांपूर्वी तिसऱ्या वळणाजवळ तार तुटली, बहुतेक गोठलेल्या पाण्याने. तुझ्या कंपनीची गाडी आली. आम्ही बायका तारेच्या जोडाच्या खड्ड्याच्या झाकणावर जाऊन बसलो. चटया, किटली, सूत, सगळं घेऊन. त्यांचा मुकादम म्हणाला, "अहो ताई, तार तुमचीच बंद आहे. आम्ही दुरुस्त करायला आलोय." इझ्झा म्हणाली, "कर की. आधी कागदावर लिही, नळी कुणाची. मग मी उठते. मला उठायला वेळ लागतो, म्हणून आधी लिही." त्याने साहेबाला फोन लावायला गाडी खिंडीत नेली. तो अजून परत आलेला नाही.

बारा दिवस गावात इंटरनेट नाही. गालिच्यांच्या दोन मागण्या हातच्या गेल्या. इत्तोचा अभ्यास बुडतो आहे. घराघरांत भांडणं आहेत, कालच रहमा मला म्हणाली, "तुझ्या दिराने केलं आणि आम्ही भोगायचं." तरी आम्ही बसलो आहोत.

दूरसंचाराच्या नियामक कार्यालयात तक्रार गेली आहे. मे महिन्यात रबातला सुनावणी आहे. तुझ्या लग्नाच्या महिन्यात.

तूदा

•

रबात,
३ मार्च २०२२

वहिनी,

हे पत्र तीनदा फाडलं. आता फाडणार नाही.

सगळं खरं आहे. तुम्ही लिहिलंय तसंच झालं. साहेबाने मला बोलावून सांगितलं की गावानं फुकट खणलेला चर असा कागद निधीकडे चालत नाही. ठेकेदार दाखव, मजूर दाखव, नाहीतर तामझिर्त यादीतून जातं आणि ती तार दुसऱ्या खोऱ्यात जाते. मला वाटलं, लोकांना तार हवी आहे, कागदावर काय आहे ते कोण बघणार? अंगठे मी घेतले. विमा मी म्हटलं. मजुरीचे पैसे कुणाच्या खिशात गेले ते मला माहीत नाही, माझ्या खिशात नाही आले, अल्लाची शपथ. पण तीन महिन्यांनी मला वरची जागा मिळाली. ती कशासाठी मिळाली हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

चर पुन्हा खणावा लागला हे खोटं. एकाही जागी खणला नाही. नळी सरळ होती. तार ओढताना कुठंही अडकली नाही. आमचा मुकादम म्हणाला होता, इतका साफ चर ठेकेदारही खणत नाहीत.

आता कंपनी मला सुनावणीत साक्षीला उभं करते आहे. गावचे लोक रोजंदारीवर होते, मी स्वतः मजुरी वाटताना पाहिलं, असं सांगायचं. वकिलाने दोनदा पाठ करून घेतलं. काय करू ते कळत नाही.

दादाला सांगू नका. पाया पडतो. गावातल्या प्रत्येक घराचे महिन्याचे पस्तीस दिरहम मी भरतो, जमेल तितकी वर्षं. कर्ज काढीन. पण दादाला हे कळलं तर मी त्या घरात पाऊल टाकू शकणार नाही.

झायद

•

तामझिर्त,
१३ मार्च २०२२

झायद,

मी बासू बोलतो आहे. तूदा लिहिते आहे. तिला सांगितलंय, मी म्हणेन तेवढंच लिही, आपलं एक अक्षर घालू नको.

तुझं पत्र लहूने माझ्या हातात दिलं. इत्तोकडून वाचून घेतलं. पोर वाचता वाचता थांबली, मी म्हटलं, वाच. सगळं वाचलं तिने.

तिसऱ्या दिवशी झाकणाजवळ गेलो. काठीने जायला अर्धा दिवस लागला. बायकांनी जागा दिली, तिथं बसलो. इझ्झाला सांगितलं, तुझा अंगठा माझ्या भावाने चोरला. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, इतका गोड बोलत होता."

तू प्रत्येक घराचं भाडं भरतो म्हणतोस. आमच्या चराचं भाडं आम्हाला भरायला तू कोण? तुझ्या साहेबाने एकदा विकत घेतलं, आता तू घेणार?

पाय गेला त्याचं मी कुणाला कधी काही म्हटलं नाही. दगड होता, घसरला. पण माझा अंगठा माझा होता. मी मजुरी घेऊन खणला असं तू लिहिलंस. माझी पोरं उद्या तो कागद बघतील आणि म्हणतील, आपला बाप चोवीसशे दिरहमांसाठी लंगडा झाला.

रमजान तीन आठवड्यांवर आहे. त्याआधी ये. बैठकीत उभा राहा आणि तोंडाने सांग, बावीस जणांसमोर. नंतर रबातलाही तेच सांग. मग आपण दोघं बघू पुढचं.

नाही आलास तर तुझं हे पत्र मी त्या सुनावणीत ठेवीन. तूदा नको म्हणत होती. मी ठेवीन.

बासू

•

रबात,
२४ मार्च २०२२

दादा, वहिनी,

ते पत्र मी वहिनीला लिहिलं होतं. घरातलं पत्र. सरकारला लिहिलं नव्हतं. घरातलं पत्र सरकारच्या टेबलावर ठेवणारी माणसं कसली, आणि मला शिकवता इमान!

मी येऊ शकत नाही. सुट्टी नाही. तिकडच्या मंडळींना लग्नाचं काय सांगू? एकदा मी खरं बोललो, एकदा, आणि त्याचाच फास केलात.

पत्र परत पाठवा. मी साक्ष देणार नाही, आजारपणाची रजा टाकतो, मग तर झालं? कंपनीला साक्षीदार मिळणार नाही, गावाची बाजू आपोआप जड होईल. पण पत्र परत पाठवा.

झायद

•

तामझिर्त,
२२ मे २०२२

झायद,

सुनावणी होऊन दहा दिवस झाले. निकाल परवा हातात आला. तू रजेवर होतास, तेव्हा तुला कुणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते.

आम्ही तिघं गेलो. बासू, हद्दूकाका आणि मी. लहूने गाडीत मागचा बाक काढून गादी टाकली होती, बासूला पाय लांब करून पडता यावं म्हणून. सात तास लागले. रबातमध्ये तुझ्या घरावरून गेलो. बासूने लहूला विचारलं, "हीच गल्ली ना?" लहू हो म्हणाला. "चल पुढं," बासू म्हणाला.

समितीत तीन जण होते, मधोमध एक बाई. कंपनीचा वकील तासभर बोलला. गावकरी मजूर होते, अंगठे आहेत, मजुरीची नोंद आहे, आता दुसऱ्या कंपनीने फूस लावली आहे. दुसऱ्या कंपनीचाही वकील होता, तो म्हणाला, नळी कुणाचीही ठरवा, आम्हाला वाजवी भाड्यात आत येऊ द्या म्हणजे झालं. त्याच्यासाठी आम्ही भांडत होतो असं काही नाही, हे त्यालाही कळलेलं दिसलं.

मग बासूने पत्र काढलं. वकील उभा राहिला, "हे खासगी पत्र आहे, भावाभावांतलं." बाई म्हणाली, "भावाभावांतलं आहे म्हणूनच वाचते." मनात वाचलं तिने. दोन्ही पानं. मग बाजूच्या दोघांना दिलं. मी तुझ्या अक्षराकडे बघत होते.

आणि मला आनंद झाला नाही, झायद. मला वाटलं होतं होईल. उलट आणखी राग आला. तू स्वतः त्या खोलीत उभा असतास तर बासूला ते खिशातून काढावं लागलं नसतं.

निकाल असा. नळी आणि चर गावच्या संस्थेचे. तुझ्या कंपनीनेही भाडं गावाला द्यायचं, तार ओढली त्या दिवसापासूनचं. दुसरी कंपनी त्याच नळीतून येईल, तिसरीला यायचं तर तिलाही अडवता येणार नाही, आम्हालाही नाही. हे बरोबरच आहे, आम्हाला अडवायचं नव्हतंच कुणाला. पस्तीस दिरहमांचा आकार रद्द. निधीतून घेतलेल्या पैशांची चौकशी वेगळी होईल, ती कुठवर जाईल ते माहीत नाही. तुझा साहेब अजून त्याच खुर्चीत आहे म्हणतात. तुला काढून टाकल्याचं मात्र कळलं. लग्न मोडल्याचंही कळलं. हे लिहिताना मी हात थांबवून पाहिलं, वाईट वाटतंय का. नाही वाटलं.

झाकणावरून आम्ही उठलो. इझ्झाला दोघींनी धरून उठवलं, तिचे गुडघे धरले होते. तार संध्याकाळपर्यंत जोडून झाली.

एक गोष्ट राहिली. ही तुला सांगायला बासूने मला बंदी केली होती, दीड वर्ष मी पाळली. आता पाळत नाही.

सुनावणीत त्या बाईने विचारलं, कुणी किती खणला याचा पुरावा आहे का? मी वही दिली. ती एकेक नाव बघत गेली आणि एका जागी बोट ठेवून थांबली.

"इथं तिसऱ्या वळणावर एक नाव आहे. झायद. बेचाळीस मीटर. हा शहरात राहणारा दिसतो. खणणारा म्हणून पुढं बासू लिहिलंय. हे काय आहे?"

बासू काठीवर उभा राहिला. म्हणाला, "तो येऊ शकत नव्हता. त्याच्या वाट्याचं मी खणत होतो. माझं आधीच झालं होतं."

"आणि दगड पडला तो?"

"तिथंच."

बाईने पत्र उचललं, खालची सही पाहिली, वहीतलं नाव पाहिलं. "हा झायद तोच का?"

वकीलसुद्धा बघायला लागला. मला वाटलं बासू गप्प बसेल.

"हो," तो म्हणाला. "तोच. माझा धाकटा भाऊ."

तुला हे कधी कळू नये असं त्याचं म्हणणं होतं. तुझ्या मनाला लागेल म्हणे. तू पहारीने नाही, दुसऱ्या मार्गाने फेडलंस असं लिहिलंस ना जानेवारीत, ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं तेव्हाही त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, बोल म्हणाला नाही. आता मी सांगितलं. लागू दे.

गेल्या शुक्रवारी बैठकीत कुणीतरी उठून म्हणालं, वहीतून झायदचं नाव खोडा. बासू म्हणाला, "बेचाळीस मीटर खणलेत. ते कुठं खोडणार?" नाव राहिलं.

तो रोज लहूची गाडी यायच्या वेळेला बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. मी विचारत नाही कशासाठी. तुला यायचं असेल तर ये, नसेल तर नको येऊस. मी बोलावत नाहीये. आलास तर दार तो उघडेल. मी नाही.

तूदा